दात पडलेलं पातं आणि हिरवी पाटी

ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. मोबाईलवरून जुन्या वस्तू घ्यायचं-विकायचं वेड तेव्हा घरोघरी नवं होतं. एरवी भाजी घेताना तराजूवरून नजर न काढणारी माणसंही कधी न पाहिलेल्या माणसाला बिनधास्त पैसे पाठवून मोकळी होत. त्या सुट्टीत आत्यानेही पाठवले.

"आणि तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!" भिंगरी म्हणाली.

"हळू बोल ना ताई! आत्या आली बघ बँकेतून," टिकलीने तिला चिमटा काढला.

भिंगरी बारा वर्षांची. एका जागी बसली तर पायाला मुंग्या येतात असं तिचं म्हणणं. टिकली तिची धाकटी बहीण, नावाप्रमाणेच एवढीशी. तिसरा त्यांचा चुलतभाऊ. तो इतका कमी बोलायचा, की घरात सगळे त्याला कुलूपच म्हणत. दर सुट्टीत तिघं आत्याकडे यायची. आत्याचा पुस्तकबांधणीचा कारखाना, म्हणजे घराची पुढची मोठी खोली. खळीचा वास, पुठ्ठ्यांचे ढीग, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. मुलांना याहून मोठी मौज दुसरी नव्हती.

पण या सुट्टीत खोली गप्प होती. कागदांचे गठ्ठे कापायचं आत्याचं जुनं कटिंग मशीन मोडलं होतं. नेमकी तेव्हाच शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तकं बांधायला आली होती. शाळा उघडायच्या आत ती द्यायची होती. म्हणून आत्याने मोबाईलवर एक जुनं मशीन पाहिलं. विकणाऱ्याने स्वतःचं नाव लावलं होतं 'जुनं ते सोनं'. 'पैसे थेट बँकेच्या खात्यावर टाका. मिळाले की पत्ता कळवतो, मशीन घेऊन जा,' असं त्याने कळवलं, आणि खातेक्रमांक रंगवलेल्या एका पाटीचा फोटो पाठवला. आत्याने साठवलेली सगळी पुंजी त्या खात्यावर टाकली आणि पावतीचा फोटो त्याला पाठवला.

त्यावर उत्तर आलं, 'पैसे आलेले नाहीत. खोटी पावती दाखवून मशीन पळवता काय? लाज वाटू द्या!' शिवाय हेच त्याने त्या विक्रीच्या पानावर चारचौघांना दिसेल असं लिहून ठेवलं आणि आत्याचा नंबर बंद करून टाकला.

आत्या आत आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली.

"काय म्हणाले बँकेतले साहेब?" भिंगरीने विचारलं.

"म्हणाले, 'बाई, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत. आम्ही त्या खातेदाराला विचारलं. त्याने लेखी कळवलंय, पैसे माझेच आहेत. मिटला विषय!'"

"चोर तो चोर, वर शिरजोर!" भिंगरी उसळली. "पण आहे कोण तो?"

"ते सांगता येत नाही म्हणे. गुप्त असतं. मी पैसे पाठवताना नावाच्या जागी 'जुनं ते सोनं' लिहिलं होतं, तर साहेब हसायलाच लागले. म्हणे, 'आमचं मशीन नाव वाचत नाही, आकडे वाचतं. तुम्ही चांदोमामा लिहिलं असतंत तरी पैसे गेले असते!'"

टिकलीला हसू आलं, पण आत्याचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

तेवढ्यात फोन वाजला. भिंगरीचे बाबा होते. "तरी मी सांगत होतो ताई! बंद कर तो कारखाना. माझ्या ऑफिसात ये, पाकिटं चिकटवायचं काम आहे. महिन्याचे महिन्याला पैसे मिळतील."

"बघते," आत्या म्हणाली. मुलं एकमेकांकडे पाहतच राहिली. कारखाना बंद करायच्या गोष्टीवर आत्या 'बघते' म्हणाली! दरवेळी ती म्हणायची, 'आधी मला बंद करा, मग कारखाना!'

"नको मला तो फोन डोळ्यांसमोर," म्हणत आत्याने फोन भिंगरीच्या हातात कोंबला आणि कपाळाला बाम चोळून आत जाऊन पडली.

तिघं कारखान्यात बसली. टिकली चित्रं काढायचं नवं पॅड मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने ते कालच आणलं होतं.

"हे पॅड गुदगुल्या करतं," ती म्हणाली.

"तुला काहीही सुचतं!"

"खरंच! इथे बघ. करकर, करकर... आणि मग थोडं पुढे एकदा करकर."

कुलूप उठला. त्याने पॅड हातात घेतलं, उजेडात तिरकं धरलं आणि कडेवरून बोट फिरवलं. मग त्याने भिंगरीकडे फोन मागितला, 'जुनं ते सोनं'ने पाठवलेला मशीनचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. मशीनवर नुकताच कापलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. गठ्ठ्याच्या कडेवर बारीक उभे ओरखडे होते. दोन जवळजवळ, एक थोडा लांब.

"दात," कुलूप म्हणाला.

भिंगरी टाळी वाजवून ओरडली, "पात्याचा दात!"

दर सुट्टी बांधणीच्या कारखान्यात घालवणाऱ्या मुलांना वेगळं सांगायला नको होतं. पात्याची धार जिथे उडते, त्याला दात पडला म्हणतात. मग तो दात कापलेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर त्याच जागी ओरखडा काढतो. हेच ओरखडे दाखवून आत्याने मशीनची किंमतही कमी करून घेतली होती.

"म्हणजे माझं पॅड त्याच मशीनवर कापलंय?" टिकलीचे डोळे विस्फारले.

"म्हणजे मशीन इथेच, गावात आहे! आत्या, आम्ही कागद आणायला जातो हं!" भिंगरीने आत ओरडून सांगितलं आणि उत्तराची वाट न बघता चप्पल पायात सरकवली.

कोपऱ्यावरच्या दुकानदारीण बाई पेन्सिली मोजत होत्या. "पॅड होय? ती गिरणीमागच्या गल्लीतल्या छापखान्यातून येतात. पण जरा जपून हं! छापखानेवाले फार तापट. आणि समोरच्या शिक्केवाल्याचं नावही काढू नका त्यांच्यापुढे."

"का?"

"सख्खे भाऊ ते! पूर्वी छापखाना दोघांचा होता. आता धाकटा समोर रबरी शिक्के करतो. दारात दार, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

गिरणीमागची गल्ली इतकी अरुंद होती, की एका दुकानातली शिंक दुसऱ्याला ऐकू जावी. डावीकडे छापखाना, उजवीकडे शिक्क्यांचं दुकान. छापखान्यात शिरताच मुलांना ते दिसलं. फोटोतलं मशीन! तेच लोखंडी चाक, तोच निळा दांडा.

"काय पाहिजे?" चष्मा कपाळावर चढवलेले, जाड बोटांचे छापखानेवाले गुरगुरले.

"हे कागद अर्धे कापून हवेत," भिंगरीने वाटेत घेतलेला गठ्ठा पुढे केला. कुणावर आळ घ्यायच्या आधी खात्री करायची, असं तिघांनी ठरवलं होतं.

खटॅक! पातं खाली आलं. कुलूपने गठ्ठा उचलून बोट फिरवलं आणि भिंगरीला बारीक मान हलवून खूण केली. दोन जवळजवळ, एक लांब.

"सुटे नसतील तर घरच्यांना सांगा खात्यावर टाकायला," छापखानेवाल्यांनी मागे न बघताच अंगठ्याने भिंत दाखवली.

भिंतीवर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर खातेक्रमांक. भिंगरीने फोनमधला फोटो उघडला, पाटीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. आकडे वेगळे होते!

आता मात्र तिला राहवेना. "काका, 'जुनं ते सोनं' तुम्हीच ना?"

"हो. का?"

"आमच्या आत्याचे पैसे द्या!"

छापखानेवाल्यांचा चेहरा लालबुंद झाला. "अच्छा! त्या खोटारड्या बाईने आता पोरं पाठवली? एक पैसा आला नाही मला! हे बघ, हे बघ माझं खातं!" त्यांनी स्वतःचा फोन टिकलीच्या नाकापुढे नाचवला. टिकली दोन पावलं मागे सरकली, पण पळाली नाही.

"आत्या खोटारडी नाही! तुम्हीच चुकीचा नंबर दिलात!" भिंगरी कडाडली.

"मी? माझा नंबर मला माहीत नाही? पाटीचा फोटो पाठवला होता मी! आकडे टाइप करायला गेलो तर या बोटांखाली तीन-तीन दाबले जातात, म्हणून पाटीचाच फोटो पाठवतो सगळ्यांना!"

आणि मग कुलूप उघडलं.

"काका," तो शांतपणे म्हणाला, "ही पाटी लाल आहे. फोटोतली हिरवी आहे."

छापखानेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. फोटो पाहिला. हिरवी पाटी, तीच भिंत, तोच खिळा, आणि पाटीखाली दोन स्टुलं. आता भिंतीशी एकच स्टूल होतं.

"ही... ही आमची जुनी पाटी," ते खाली बसत म्हणाले. "दोघांच्या खात्याची. मग खातं त्याच्याकडे गेलं, मी नवीन काढलं. पाटी त्याच पत्र्यावर पुन्हा रंगवली. दोन्ही पाट्यांचे फोटो मात्र माझ्या फोनमध्येच राहिले. मी घाईत..."

"न बघताच पाठवला!" टिकलीने वाक्य पुरं केलं. "आम्हाला शाळेत यासाठी अंगठे धरून उभं करतात!"

"म्हणजे पैसे समोरच्या काकांकडे गेले?" भिंगरी दाराकडे वळली.

"त्याच्याकडे? मेलो तरी त्या दुकानाची पायरी चढणार नाही मी!"

"तुम्ही नका चढू. रस्ता ओलांडायला आम्हाला येतं!"

शिक्केवाले अंगाने बारीक, आवाजाने मऊ. रबराचा तुकडा कोरत बसले होते. भिंगरीने एका दमात सगळं विचारलं, "काका, तुमच्या खात्यावर मोठी रक्कम आली का? आणि बँकेने विचारलं तेव्हा ती माझीच आहे असं तुम्ही का लिहून दिलंत?"

"आली ना!" त्यांनी कोरणी खाली ठेवली. "माझीच आहे. माझ्या दादाने पाठवलीय."

"दादाने?"

"ते समोरचं कटिंग मशीन आम्ही दोघांनी मिळून घेतलं होतं. भांडलो तेव्हा दादा म्हणाला होता, 'विकलं की तुझा अर्धा वाटा त्या जुन्या खात्यावर फेकीन, पण तोंड दाखवणार नाही!' परवा पैसे आले. पाठवणारी कुणी बाई, आणि खाली लिहिलं होतं 'कटिंग मशीनचे'. म्हटलं, दादाने गिऱ्हाइकाला माझंच खातं दिलं. आणि अर्धे ठरले होते, आले सगळे! म्हटलं, तोंडाने बोलत नाही, पण विरघळला माझा दादा." त्यांनी खणातून एक नवा कोरा शिक्का काढला. त्यावर दोन्ही भावांची नावं होती, पूर्वी छापखान्याच्या पाटीवर असायची तशी. "हा घेऊन जाणार होतो. पाय उचलत नव्हते इतकंच."

भिंगरीने कुलूपकडे पाहिलं. खरं सांगावं तर या काकांचं मन मोडणार, न सांगावं तर आत्याचा कारखाना जाणार!

"त्यांनी नाही पाठवले," कुलूप हळूच म्हणाला. "चुकून आले."

शिक्केवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी शिक्का पुन्हा खणात ठेवला. "मग आत्ता परत करतो बाळांनो. तुमच्या आत्याचे आहेत ते."

"काही परत करायचं नाही!"

सगळे दचकले. दारात छापखानेवाले उभे होते. गल्ली एवढीशी, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. पायरी चढावी की नाही, या विचारात त्यांचा एक पाय वरच राहिला होता.

"मशीनचे पैसे आलेत, म्हणजे मशीन त्या ताईंचं," ते धाकट्याकडे न बघता म्हणाले. "आणि पैसे... असू दे तिथेच. खातं दोघांचंच होतं." आणि त्यांनी वर राहिलेला पाय पायरीवर टेकवला.

संध्याकाळी आत्याच्या दारात टेम्पो थांबला. आधी खाली उतरले छापखानेवाले. त्यांनी हात जोडले. "ताई, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. त्या पानावर लिहिलेलं खोडलं, आणि खाली लिहिलं, 'चूक माझी होती.' पात्याला धार लावून देतो, त्याचे पैसे नकोत."

आत्या डोळे चोळत कधी मशीनकडे, कधी मुलांकडे बघत होती. "कार्ट्यांनो, तुम्ही कागद आणायला गेला होतात ना?"

"आणले की! कापून आणले!" भिंगरी म्हणाली.

मशीन उतरवताना दोन्ही भाऊ दोन बाजूंना लागले.

"नीट धर की!"

"तूच वाकडं धरलंयस, दादा!"

"तू लहानपणापासून असाच!"

"आणि तू नव्हतास?"

कित्येक वर्षांचं साचलेलं भांडण त्यांनी टेम्पोपासून खोलीपर्यंत मनसोक्त भांडून घेतलं. आत्याने दोघांनाही चहा दिला.

दुसऱ्या दिवशी आत्या मुलांना घेऊन बँकेत गेली. साहेब हसले नाहीत. "मी त्या खातेदाराला एक प्रश्न आणखी विचारायला हवा होता," ते म्हणाले. "पैसे तुमचे कसे, एवढाच. तुम्ही पोरांनी तो विचारलात. शाबास!" आणि भिंगरीच्या बाबांनी फोनवर बराच वेळ घसा खाकरून म्हटलं, "ताई, ते पाकिटांचं राहू दे."

"राहू दे म्हणजे? आधी मला बंद करा, मग कारखाना!" आत्या म्हणाली. आतल्या खोलीत तीन पोरांनी उड्या मारल्या.

ग्रंथालयाची पुस्तकं शाळा उघडायच्या आत पोचली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भिंगरी बँकेत लागली. तक्रारींच्या टेबलावर बसते आणि समोरच्याला एक प्रश्न हमखास जास्त विचारते. तिथेही एका जागी बसत नाही, असं तिचे साहेब सांगतात. कुलूप वकील झाला. आता बोलण्याचेच पैसे घेतो, असं घरात सगळे चिडवतात. टिकली मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. कुठलंही पुस्तक हातात आलं की ती आधी त्याच्या कडेवरून बोट फिरवते.

भावांनी छापखाना पुन्हा एकत्र केला. पाटी कुठल्या रंगाची करायची, यावर भांडून भांडून शेवटी अर्धी लाल, अर्धी हिरवी रंगवली. थोरले छापखानेवाले मागच्या हिवाळ्यात गेले. धाकट्याने त्यांचं स्टूल हलवलेलं नाही. भिंतीशी अजून दोन स्टुलं आहेत.

आत्याचे केस पिकले, पण मशीन चालूच आहे. त्या सुट्टीतच पात्याला धार लावायला थोरले छापखानेवाले आले होते, तेव्हा तिने त्यांना परत पाठवलं. "दात राहू द्या," ती म्हणाली. "त्यानेच तर वाट दाखवली."

शाळेच्या ग्रंथालयात त्या सुट्टीत बांधलेली पुस्तकं अजून आहेत. त्यांच्या कडेवर बोट फिरवलं की लागतात ते ओरखडे. दोन जवळजवळ, एक थोडा लांब.