आधी मोज, मग भांड

"ए, शेवया काय तुझ्या एकट्याच्याच आहेत का?"

तोकियाशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. आता आठवलं की लाज वाटते... पण थोडीच.

डोंगरातल्या आमच्या शिबिरात सगळीच मुलं लहानपणापासून मधुमेहाची. जेवणाआधी सगळ्यांनी एकत्र बसून इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचं, ही तिथली रीत. शाळेत मी संडासात लपून घ्यायचे, इथे चारचौघांत! त्या दिवशी बांबूच्या पन्हळीतून गार पाण्याबरोबर सोमेनच्या शेवया सोडल्या होत्या. जेवायच्या काड्यांनी पकडायच्या नि खायच्या. मी इंजेक्शन घेतलं आणि नेमकी पन्हळीच्या शेवटाला उभी राहिले. वरची मंडळी एक शेवई खाली येऊ देतील तर शपथ! त्यात माझ्या लगेच वर हा उंच नमुना. आलं की गट्टम, आलं की गट्टम.

त्यानं वळून माझ्या घामेजल्या कपाळाकडे बघितलं.

"आधी मोज. मग भांड."

"मला काय धाड भरलीये? मी चांगली—"

"साखर उतरली की मीही आजीवर असाच खेकसतो. मोज गं."

मोजली. अठ्ठावन्न! सत्तरच्या खाली गेली की धोका. त्यानं मला खाली बसवलं आणि खिशातल्या रामुनेच्या साखरगोळ्या माझ्या तळहातावर ओतल्या. त्याची बोटं पन्हळीच्या पाण्यानं गारेगार झाली होती. गोळ्या तोंडात विरघळेपर्यंत मी त्या बोटांकडेच बघत होते.

"डॉक्टरबाईंना सांगू नकोस हं," मी हळूच म्हटलं. "मी सेंदाई शहरात एकटी राहू शकेन की नाही, ते त्या उद्या आईला सांगणारेत. आई तर नाही म्हणायला टपलेलीच आहे. तिथलं कॉलेजच जाईल रे माझं..."

"मी नाही सांगणार."

हुश्श!

"तूच सांग."

"वेडा आहेस का?"

"सेंदाईत तुझी साखर उतरली तर लोकांना कोण सांगणारे मग? भिंती?"

दुष्ट मेला! रात्रभर त्याच्यावर चडफडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर मी एकटी खुर्चीत, आई मागच्या बाकावर. पालकांनी बोलायचं नाही, असा नियम. "कशी आहेस, सुझुनो?" बाईंनी विचारलं आणि सवयीनं आईनंच तोंड उघडलं... मग मिटलं. मी कालचं सगळं सांगून टाकलं.

"माझ्या लक्षात नाही आलं, दुसऱ्याच्या आलं. म्हणून सेंदाईत पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना सांगून ठेवणार. मी उगाच भांडायला लागले तर आधी मला गोड द्या."

बाई खुदकन हसल्या. "मी हो म्हणते. तुम्ही?" त्यांनी आईला विचारलं.

"काळजी तर वाटणारच," आईनं डोळे पुसले. "पण जाऊ दे तिला."

शिबिर संपलं तेव्हा बारीक पाऊस भुरभुरत होता. बसथांब्यावर तोकियानं रामुनेच्या गोळ्यांची आख्खी बाटली माझ्या हातात ठेवली. तो फुकुओकाला शिकायला जाणार होता, जपानच्या पार दुसऱ्या टोकाला.

"फोन करीन अधूनमधून," तो म्हणाला.

"अधूनमधून? नकोच करूस! आणि फुकुओकाच बरं सापडलं तुला! जवळपास कॉलेजं नव्हती?"

तो गालात हसला. "मोज."

सगळ्या रांगेसमोर मी यंत्र काढलं, बोटाला टोचलं आणि आकडा त्याच्या नाकासमोर धरला.

"एकशे बारा! बघ नीट. साखर अगदी ठीक आहे. म्हणजे हा राग माझा आहे. तू मला आवडतोस, गाढवा... आणि निघालायस इतका लांब!"

त्याचं हसू मावळलं. तो आपली पिशवी धुंडाळायला लागला.

"काय शोधतोयस?"

"थांब... मीही मोजतो. नाहीतर नंतर म्हणशील, साखरेच्या भरात बोलला."

त्यानं बोटाला टोचलं. बस आली, दार उघडलं, माणसं चढायला लागली. आम्ही दोघं त्या इवल्याशा पडद्याकडे बघत उभे.

"एकशे चार," तो म्हणाला. "मलाही आवडतेस तू."