क वाटीतलं दही

विरजण न लावता दुधाचं दही लागेल का? कुणालाही विचारा, नाहीच म्हणेल. पण त्या रविवारी सकाळी उंबरसड्यावरच्या झोऱ्यांच्या घरात ते लागलं होतं, आणि तेही असं घट्ट की वाटी तिरकी केली तरी हलेना. एरवी असं दही बघून घरातल्यांनी साखरेचा डबा काढला असता. त्या दिवशी मात्र मनवाची आई डोक्याला हात लावून बसली.

"गेलं गं, मनवा," ती म्हणाली. "अख्खं वर्ष पाण्यात गेलं."

आता तुम्ही म्हणाल, एका वाटीभर दह्यात वर्ष कसं बुडेल? सांगते.

उंबरसडा म्हणजे साताऱ्याच्या डोंगरावरचं भलंमोठं पठार. तिथे वारा इतका की वाळत घातलेल्या कपड्यांना दोन-दोन चिमटे लावावे लागतात. पठारभर पवनचक्क्या, आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांची छोटी वसाहत. मनवाचे बाबा, विशाल झोरे, या चक्क्यांवर चढून दुरुस्ती करायचे. चक्कीच्या उंच खांबावर आता यंत्रमानव सरसर चढत, पण वर जाऊन नेमकं काय बिघडलंय ते ठरवायला अजून माणूसच लागायचा.

मनवाच्या आईचं, अश्विनीचं, शिक्षण बारावीनंतर सुटलं होतं. यंदा मनवा सहावीत गेली आणि आईने कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राला नाव घातलं. कॉलेज ऑनलाइन. तास पडद्यावर व्हायचे आणि प्रयोगशाळा चक्क घरी यायची! एक दिवस भिरभिरत ड्रोन आला आणि दारात एक पेटी ठेवून गेला. त्या प्रयोगपेटीत सूक्ष्मदर्शक होता, काचेच्या वाट्या होत्या, उबकप्पा (आतली ऊब दिवसरात्र सारखी ठेवणारा कप्पा) होता, आणि तळाशी अंग चोरून बसलेला एक यंत्रमानव होता. हाताच्या पंजाएवढं धड, एकच डोळा आणि पोळी उलटायच्या चिमट्यासारखा एकच लांब हात. मनवाने त्याचं नाव ठेवलं चिमट्या.

चिमट्याचा आवाज मात्र थेट मुख्याध्यापकांचा. पहिल्याच दिवशी त्याने ओट्यावर उभं राहून नियम सुनावले होते.

"अहवाल वेळेवर द्यायचा. उशिराची सवलत वर्षातून एकदाच. प्रयोगातलं काहीही खायचं नाही. विद्यार्थ्याने सांगितल्याशिवाय माझा डोळा उघडणार नाही, कारण घर हे घर आहे. मी प्रश्न विचारेन, उत्तरं सांगणार नाही. लेखी परीक्षेत कितीही गुण मिळाले तरी प्रयोगात वेगळं पास व्हावं लागेल. आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहिलं, तर पूर्ण विषयात नापास."

"बाप रे! एवढं तर आमच्या मुकादमालाही येत नाही," बाबा म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

आता कुणी हसत नव्हतं. उशिराची सवलत मनवाच्या तापात संपली होती. सुरुवातीचे दोन प्रयोग आईला नीट जमले नव्हते, त्यामुळे प्रयोगात पास व्हायचं तर या शेवटच्या प्रयोगात चांगले गुण हवेत. अहवाल दुपारी बाराच्या आत पाठवायचा होता आणि नवं दही लागायला तेवढा वेळ पुरणार नव्हता. सड्यावर माती तपासणारी नवी प्रयोगशाळा उघडणार होती. पहिलं वर्ष पास झालेल्यांना तिथे शिकाऊ म्हणून घेणार होते. आईने त्यासाठी सुती पांढरा कोट शिवून कपाटात ठेवला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनवाने तो पाहिला होता.

प्रयोग साधा होता. एकाच पातेल्यातलं उकळून कोमट केलेलं दूध तीन वाट्यांत ओतायचं. अ वाटीत कॉलेजने पाठवलेलं विरजण घालायचं. ब वाटीत तेच विरजण, पण आधी उकळून घ्यायचं. क वाटीत काहीच घालायचं नाही. रात्रभर तिन्ही वाट्या उबकप्प्यात ठेवायच्या आणि सकाळी पाहायचं. अ वाटीत दही लागलं होतं, ब वाटीत दूध तसंच होतं. इथपर्यंत ठीक. आणि क वाटीत, जिथे काहीच घातलं नव्हतं, तिथे हे असं सुरेख दही!

"आई," मनवा हळूच म्हणाली, "क वाटीत दही लागलं नाही, असं लिहून टाक ना. लागत नाहीच ते. सगळ्या जगाला माहीत आहे. आपण काही खोटं नाही सांगत."

 आईने पडदा पुढे ओढला. क या अक्षरासमोरच्या रिकाम्या चौकटीवर तिचं बोट जरा वेळ थांबलं.  आईने तसं लिहावं असंही मनवाला वाटत होतं आणि लिहू नये असंही.

"मी एक प्रश्न विचारू का?" चिमट्या म्हणाला. "क वाटी लावली कशासाठी?"

"विरजणाशिवाय दही लागत नाही हे दाखवायला," मनवा म्हणाली.

"तिचं उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर तिला विचारायचं कशाला? दूध वाया!"

 हा मुद्दा बिनतोड होता.

आईने पडद्यावरचं बोट काढून घेतलं. "असं बघ, मनवा," ती सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच सांगत होती. "विरजणात जीवाणू असतात (एकाच पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे सजीव). ते दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. म्हणून दही आंबट. त्या आम्लाने केसीनचे (दुधातल्या मुख्य प्रथिनाचे) कण एकमेकांना धरून बसतात आणि दूध घट्ट होतं. पण हे सगळं विरजणामुळेच झालं, नुसत्या उबेने किंवा वाटीतल्या कशाने नाही, हे कशावरून? म्हणून एक वाटी अशी ठेवायची जिच्यात बाकी सगळं तेच, फक्त विरजण नाही. तिला नियंत्रक नमुना म्हणतात (तुलना करता यावी म्हणून, तपासायची गोष्ट वगळून ठेवलेला नमुना). ती वाटी म्हणजे आपल्यावर ठेवलेली नजर. आपण चुकलो तर ती सांगते."

"मग ती आत्ता सांगतेय," मनवा म्हणाली. "काहीतरी चुकलंय!"

"हो. आणि मी तिचंच तोंड बंद करायला निघाले होते." आईने क समोर लिहिलं, 'दही लागले. घट्ट.' लिहून झाल्यावर तिने मोठा श्वास सोडला. "आता शोधू या. गुण मिळोत न मिळोत."

मग दोघी कामाला लागल्या. दूधच आधीपासून बिघडलं असेल का? "नाही," मनवा म्हणाली, "तेच दूध ब वाटीतही आहे आणि ते लागलं नाही." वाटी नीट धुतली नसेल? तिन्ही वाट्या एकदमच उकळत्या पाण्यातून काढल्या होत्या. उबेने झालं असेल? ऊब तर तिघींना सारखीच. एकेक शंका ब वाटीपाशी येऊन अडायची आणि निकालात निघायची. उकळल्यामुळे त्या वाटीतल्या विरजणातले जीवाणू मेले होते, म्हणून तिथलं दूध तसंच राहिलं होतं. बिचारी ब वाटी! सकाळपासून तिच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं आणि आता सगळी भिस्त तिच्यावर होती.

"म्हणजे जिवंत काहीतरी फक्त क वाटीतच गेलं," आई म्हणाली.

"कुठून गेलं?" चिमट्याने विचारलं.

ते सूक्ष्मदर्शकच सांगणार होता. आईने अ वाटीतल्या दह्याचा बारीक थेंब काचपट्टीवर पसरला, वाळवला, निळा रंग घातला आणि हलकेच पाण्याने धुतला. सुरुवातीला हेच करताना तिच्या हातून काचपट्ट्या फुटायच्या. आज तिचा हात जरासुद्धा कापला नाही, आणि ते बघून मनवाला फार बरं वाटलं.

अ वाटीत नुसत्या निळ्या काड्याच काड्या दिसल्या. कॉलेजचं विरजण शुद्ध, म्हणजे एकाच जातीच्या जीवाणूंचं होतं, आणि ते जीवाणू काडीच्या आकाराचे होते. मग क वाटीची काचपट्टी लावली. तिथेही काड्या होत्या, पण त्यांच्यामधून गोल मण्यांच्या माळाही पसरल्या होत्या.

"मणी!" मनवा ओरडली. "आई, हे अ वाटीतून नाही आलं. हे दुसरंच कुणाचंतरी आहे!"

ती धावत जाऊन स्वयंपाकघरातून दह्याचं सट (छोटं मडकं) घेऊन आली. घरच्या दह्यात नाना जातींचे जीवाणू गुण्यागोविंदाने राहतात. त्याचा थेंब काचेखाली ठेवला, तर काड्या आणि मण्यांच्या माळा, हुबेहूब क वाटीसारख्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सट काही स्वतःच्या पायांनी उबकप्प्यात गेलं नव्हतं. आईने रात्री दही लावलंच नव्हतं, ती ऑनलाइन तासाला बसली होती. मनवा तर शेजारी अभ्यास करता करता झोपली होती. मग उरलं कोण?

बाबा पहाटेच चक्कीवर गेले होते आणि वर असताना फोन घ्यायचा नाही, असा त्यांच्याकडचा नियम होता. ते खाली उतरून घरी आले तेव्हा बारा वाजायला थोडाच वेळ होता. हेल्मेट काढायच्या आत मनवाने त्यांना गाठलं.

"बाबा, काल रात्री तुम्ही वाटीत विरजण घातलंत?"

"घातलं की," बाबा सहज म्हणाले. "दूध कोमट आहे का बघायला झाकण उघडलं, तर दोन वाट्यांत विरजणाचे कण दिसत होते, तिसरीत कायच नाही. म्हटलं, हिचा तास चाललाय, विसरली असेल. सकाळी हिची फजिती नको. लावून टाकलं बोटभर." मग त्यांचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे गेलं. "का गं? कायतरी घोळ झाला का?"

मनवाने एका दमात सगळं सांगितलं. बाबा मटकन खाली बसले. उंच खांबावर न घाबरणारा तो माणूस एवढासा झाला होता.

"मीच माती केली गं तुझ्या वर्षाची," ते म्हणाले. "मी त्या तुमच्या कॉलेजच्या मॅडमना फोन करून सांगतो. चूक माझी, हिला पास करा म्हणतो."

"काही नको. त्या म्हणतील, लिहून पाठव." आई हसत होती, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. तिने अहवाल पुढे ओढला आणि झालं तसं सगळं लिहून काढलं. क वाटीत काय दिसलं, कोणत्या शंका घेतल्या आणि त्या कशा फेटाळल्या, काड्या, मणी, सट, बाबा. चुकीच्या खाली तिने स्वतःचंच नाव घातलं. 'प्रयोगाच्या वाट्या घरातल्यांना दाखवून ठेवायला हव्या होत्या. मी ठेवल्या नाहीत.'

"शेवटची चौकट रिकामी आहे," चिमट्या म्हणाला. "आभार. शास्त्रज्ञ आपल्या लेखाच्या शेवटी मदत करणाऱ्यांचे आभार मानतात. ही चौकट ऐच्छिक आहे. तिला गुण नाहीत."

बारा वाजत आले होते. "आई, सोड ते! पाठव!" मनवा म्हणाली. पण आई लिहायला लागली आणि मनवा तिच्या खांद्यावरून वाचत राहिली.

'एखाद्या गोष्टीमुळे काय होतं हे कळायला, ती नसली तर काय होतं हे पाहावं लागतं, असं या प्रयोगात मी शिकले. वर्षभर मी तासाला बसले तेव्हा माझ्या घरात भांडी घासलेली होती, मुलीची वेणी घातलेली होती, दही लागलेलं होतं. काहीच राहिलं नाही, म्हणून ते कुणी केलं हे माझ्या लक्षातच आलं नाही. ते करणारे माझे पती विशाल झोरे यांची मी मनापासून आभारी आहे. त्यांच्याशिवायचं वर्ष कसं गेलं असतं, तो प्रयोग मला करून बघायचा नाही.'

आईने बटण दाबलं. बाबा पुढे वाकून पडद्यावरच्या त्या ओळी वाचत होते. त्यांनी त्या परत एकदा वाचल्या आणि मग, वारा नसतानाही, खिडकी नीट लागलीये का ते बघायला उठून गेले.

आठवड्याने प्राध्यापक नाझनीन शिकलगारांचा निकाल आला. वाट्यांवर लक्ष ठेवलं नाही म्हणून थोडे गुण गेले होते. निरीक्षणाचे आणि तर्काचे पुरेपूर मिळाले होते. प्रयोगात उत्तीर्ण, विषयात उत्तीर्ण, म्हणजे पहिलं वर्ष पास! खाली मॅडमनी लिहिलं होतं, 'हे गुण दह्याला नाहीत. जे दिसलं ते लिहिण्याला आहेत. यंदा बऱ्याच अहवालांत क वाटी अगदी पुस्तकातल्यासारखी आहे. त्यातल्या किती खऱ्या आहेत, मला माहीत नाही. तुमची खरी आहे, हे मला माहीत आहे. तुमचा अहवाल पुढच्या वर्गाला वाचायला देऊ का?'

आईने तो निकाल मोठ्याने वाचला.  मग ती आत गेली आणि कपाटातला पांढरा कोट घालून बाहेर आली. बाह्या जरा लांब झाल्या होत्या.

"अहो, बघा तरी," ती म्हणाली.

बाबांनी पाहिलं. ते पुढे झाले, आईच्या कोटाच्या दोन्ही बाह्या त्यांनी मापात दुमडल्या आणि म्हणाले, "सोमवारी प्रयोगशाळेत मी सोडायला येतो तुला. पहिला दिवस आहे."

"या," आई म्हणाली. "आणि या वेळेला सांगून ठेवते. तिथल्या कुठल्याही वाटीला हात लावायचा नाही!"