आबांची बुडी

श्वास घ्या.

"घेतला, बाई!"

आता रीत अशी, की सीटी स्कॅनच्या यंत्रात श्वास घ्यायचा, रोखायचा आणि गप्प पडून राहायचं. पण कोल्हारच्या रंगनाथआबांना कुणी काही सांगावं आणि त्यांनी ओ देऊ नये, असं उभ्या जन्मात घडलं नव्हतं. "रोखा" म्हटलं, की आतून येई, "रोखला, बाई!" झालं... सुटला श्वास.

नगरच्या स्कॅन सेंटरवर काचेपलीकडून माइकवर सूचना देणाऱ्या तंत्रज्ञ माधुरीनं कपाळाला हात लावला. तीन तालमी, तिन्ही फसल्या. आबांच्या यकृतावर सोनोग्राफीत डाग दिसला होता, दीड सेंटिमीटरचा. शिरेतून औषध सोडलं की तो काही क्षण उजळला आणि मग काळवंडला, तर कर्करोग. नेमके तेव्हाच आबा बोलले, तर एवढासा डाग हाती लागायचा नाही.

"मॅडम, तुमी आदबीनं सांगता," दारातून आबांचा मुलगा कानिफनाथ हसला, "म्हातारा आदबीनं उत्तर देतो."

"मग तुम्ही सांगा. हे बटण दाबून."

कानिफनाथ माइकवर वाकला. शर्टाला उसाच्या पाचटाचा वास...

"आबा, प्रवरेच्या डोहावर आलोय. मारा बुडी!"

आत चिडीचूप.

रोखा.

चित्र लखलखीत आलं. डाग उजळला. पुढच्या बुडीला काळवंडला.

"मॅडम," कानिफनाथ हळूच म्हणाला, "तुमीबी बुडी मारली का?"

तिनं श्वास सोडला. "रिपोर्ट डॉक्टर देतील."

रिपोर्ट आला. कर्करोग, पण एकच आणि बारका. सुई घालून जाळता येईल असा. जाळलाही.

मधल्या दिवसांत कानिफनाथ सीडी न्यायला आला. मग विसरलेली पिशवी न्यायला. मग रिपोर्ट न्यायला.

"तो मोबाईलवर पाठवलाय की."

"कागदावर बरा वाटतो." टेबलावर पेरूंची पिशवी. "हे आबांनी दिलेत."

आभार मानायला तिनं फोन केला, तर आबा म्हणाले, "कसले पेरू, बाई?"

माधुरी दिवसभर एकटीच हसत होती.

महिन्यानं पुन्हा तपासणी. डाग गेला की उरला, ते आज कळणार होतं. शेवटची बुडी. बटणावर कानिफनाथचा अंगठा, नजर मात्र तिच्याकडे.

"माधुरी... हे आज संपलं, तर मला यायला कारण उरंल का?"

"पेरू आहेत ना."

"हंगाम सरतो त्यांचा. मला बिनहंगामाचं कारण पायजे. लग्न करशील?"

पडद्यावर चित्र उमटलं होतं. डागाच्या जागी जाळल्याच्या खुणेचा नुसता काळा ठिपका... कुठंच काही उजळलं नव्हतं. आणि माइकच्या बटणावरचा दिवा? तो मघापासून पेटलेलाच!

"अगंबाई! आबा, सोडा! श्वास सोडा!"

सोडा.

"सोडला!" आबा धापा टाकत म्हणाले. "ऐकलं समदं. बुडीत हुतो, म्हून गप राह्यलो."

"उजळलं का काई?" कानिफनाथ पडद्याकडं वळला.

"डॉक्टर सांगतीलच. पण मला तरी... काही दिसत नाही."

कानिफनाथनं डोळे पुसले. आतून आबा खाकरले.

"बाई, त्यानं इचारलंय तुमाला. म्या न्हाई बोलत मधी. बोला."

माधुरीनं त्याचा अंगठा बाजूला सारला आणि स्वतः बटण दाबलं.

"व्हय, आबा."

"ऐकलं, बाई!"