कानशीवरचे हात

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पंप तयार करणारा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या लांबट शेडमध्ये, शिकाऊ कामगारांचा विभाग. गोवा राज्य होऊन दुसरं वर्ष चालू होतं. कारखान्यात नवी यंत्रं येत होती, पण फिटर व्हायला आलेल्याला सुरुवातीचे महिने एकच काम असे. लोखंडाचा ठोकळा बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळायचा आणि कानशीने घासून त्याची सगळी अंगं सपाट करायची. गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, टेकवून ठोकळा उजेडाकडे धरला की खालून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. दिसली तर पुन्हा घासा.

गौरवीची रेघ जात नव्हती.

विभागातली ती एकटी बाई. पणजीच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, पदरी चार वर्षांची दिपाली. नवरा सगुण मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. तो घरी येईपर्यंत तिचे कान रस्त्याकडे असत. एखादा ट्रक जास्त वेळ ब्रेक दाबत राहिला तरी ती दारात येऊन उभी राही. खाण आज आहे, उद्या नाही, आणि माणसाचंही तसंच. घरात दुसरा पगार हवा, तोही पावसाळ्यात न थांबणारा, असं तिने एकदा मनाशी ठरवलं आणि मग कुणाचं ऐकलं नाही. ठोकळ्याची परीक्षा पास झाली तर कारखाना पुढे ठेवून घेणार होता. नापासांना घरी धाडत. तिचं वय असं काठावर होतं की पुढच्या वर्षी अर्जही करता आला नसता.

सासू शेवंती दिपालीला सांभाळायची, पण बोलल्याशिवाय नाही. "तुझा मन लोखंडात, चेडू माझ्या कमरेर," ती म्हणे. "परीक्षेपर्यंत सांभाळतंय हां. नापास झालंस तर मगे गपचूप घरात रव."

"रवतंय," गौरवी म्हणायची आणि डबा उचलून चालू लागायची.

अडचण कुठे होती ते तिला ठाऊक होतं. त्या शेडमध्ये शिकवायची एक रीत होती, तिला सगळे 'हात देणं' म्हणत. गोकुळदास मास्तर पोराच्या मागे उभे राहायचे, त्याच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवायचे आणि कानस पुढे ढकलायचे. पुढे जाताना दाब, मागे येताना नुसतं उचललेलं. असं थोडा वेळ केलं की पोराच्या अंगाला ते कळायचं. शब्दांनी न सांगता येणारी गोष्ट हातातून हातात जायची. मास्तरांनाही ती अशीच मिळाली होती, त्यांच्या वारलेल्या उस्तादांकडून, ज्यांच्या डाव्या हाताला एक बोट कमी होतं.

गौरवीला मात्र मास्तरांनी हात दिला नाही. पेडण्याकडचा जुन्या वळणाचा माणूस. लग्न झालेल्या बाईच्या मागे असं चिकटून उभं राहायचं त्यांना जमणारच नव्हतं. ते दोन हात दूर राहून लाकडी पट्टीने दाखवायचे. "कोपर आत. कानस डुलता नये." ती कोपर आत घ्यायची, कानस डुलायचीच, आणि ठोकळा मधोमध फुगायचा.

म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत थांबू लागली. डबा उभ्याउभ्या संपवायचा आणि जनेलाजवळच्या शेवटच्या व्हाइसवर घासत राहायचं. पोरं बाहेर आंब्याखाली असत. जनेलातून खनिजाची तांबडी धूळ येऊन बाकांवर बसायची. शेडमध्ये तिच्या कानशीखेरीज आवाज नसे.

अशाच एका दुपारी तिचं उजवं कोपर आत गेलं.

तिने घेतलं नव्हतं. कुणी बोटाने हलकेच लोटावं तसं ते बरगडीपाशी आलं आणि तिथे राहिलं. कानस न डुलता सरळ गेली. गौरवी थांबली. मागे पाहिलं. रिकामे बाक, भिंतीवर अडकवलेले पोरांचे शर्ट. स्नायूंना सवय लागते, ती मनाशी म्हणाली. मेंदूच्या आधी अंग शिकतं. पुस्तकात आहे ते.

मग ती सवय रोज थोडी थोडी वाढत गेली. आधी कोपर. मग डाव्या तळव्यावरचा दाब, कानशीच्या टोकाशी, तिच्या स्वतःच्या जोरापेक्षा जरा जास्त. मग पाठीला एक गारवा, विहिरीच्या कठड्याला टेकल्यासारखा. त्याबरोबर वास, जुन्या तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा. शेडला तो वास होताच, त्यामुळे त्यात वेगळं काय हे तिला नीट सांगता आलं नसतं. वेगळं इतकंच की तो मागून यायचा, मानेच्या उंचीवरून.

उजेडाची रेघ बारीक होत चालली होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही.

बाबली म्हणून एक पोरगा शेजारच्या व्हाइसवर असे, जिभेला हाड नसलेला. एक दिवस तो म्हणाला, "गौरवीवैनी, तुमी सरकून कोणाक जागा करतास?"

"म्हणजे?"

"पाय बघा तुमचे."

तिने खाली पाहिलं. तिचे पाय नको इतके फाकलेले होते. मधे आणखी एकाचं पाऊल मावेल असे.

"वैनी आमची जाडी जातली म्हणून आत्ताच जागा करून ठेवता," दुसरा कुणी म्हणाला आणि सगळे हसले. गौरवीही हसली. हसता हसता तिने उजवा पाय जवळ ओढायचा प्रयत्न केला. तो आला नाही. तिथे आधीच काहीतरी होतं.

त्या रात्री दिपालीला थोपटताना तिने स्वतःला विचारलं, भीती वाटते का? वाटत होती. नापास व्हायची जास्त वाटत होती.

पण कॉलेजात शिकलेलं सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तिने खडू घेतला. कानशीच्या दातांत लोखंडाचा चुरा अडकू नये म्हणून खडू लावतात, तो प्रत्येक बाकावर असतोच. सुट्टीत सगळे गेल्यावर तिने आपल्या दोन्ही हातांच्या पाठी खडूने पांढऱ्या केल्या. मग कानस धरली. थोडा वेळ घासलं. गारवा आला, वास आला, हात आपोआप चालू लागले.

थांबून तिने हात जनेलाच्या उजेडात धरले.

उजव्या हातावरचा खडू रुंद पट्ट्यांत पुसला गेला होता. वरून कुणाची बोटं दाबून फिरली होती. डाव्या हातावरही तसंच, फक्त करंगळीच्या शेजारच्या बोटाच्या जागी पांढरा पट्टा जसाच्या तसा होता. तिथे काही टेकलंच नव्हतं.

तिने हात धुतले. पुन्हा व्हाइससमोर येऊन उभी राहिली. पाय तिने आपणहून फाकवले.

परीक्षेला थोडेच दिवस उरले असताना गोकुळदास मास्तर सुट्टी संपायच्या आधीच आत आले. दारातच थांबले. ती घासत होती, त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिच्या हातांकडे पाहत ते म्हणाले, "कोणी शिकयला तुका असा?"

"तुम्हीच, मास्तर."

"ह्यो हात माझो नाय." ते जवळ आले. "माझ्या हाताखालचो एकय असो घाशीना."

तिने ठोकळा काढून गुण्या टेकवला. रेघ केसाएवढी होती. मास्तरांनी ठोकळ्याकडे पाहिलंच नाही. ते तिच्या पायांकडे पाहत होते.

"त्या दुसऱ्या व्हाइसार चल," ते म्हणाले. "आज मीच देतंय हात. लोक काय बोलतले ते बोलूंदेत. माझीच चूक झाली. सुरवातीकच देवक व्हयो होतो."

ती दुसऱ्या व्हाइसवर गेली. ठोकळा आवळला, कानस धरली. मास्तर तिच्या मागे आले. त्यांचा श्वास ऐकू येत होता, चालून आल्यासारखा. त्यांनी दोन्ही बाजूंनी आपले हात पुढे आणले.

हात तिच्या हातांपर्यंत पोचले नाहीत.

मधेच थांबले, हवेत. 

ती वाट पाहत राहिली. तिच्या पाठीला गार लागत होतं.

मास्तरांनी हात मागे घेतले आणि आपल्या सदऱ्याला पुसले, पुन्हा पुन्हा.

"जागा नाय," ते म्हणाले.

बाहेर पोरं हात धूत होती. कुणीतरी नळ उघडाच ठेवला होता.

"गौरवी, सोड ह्या. घरी चेडू आसा तुझ्या."

"तिच्यासाठीच करतंय," ती म्हणाली. मागे न वळता. "माका पास जावचा आसा, मास्तर."

 मास्तर दाराकडे गेले, आणि जाताना तिच्यापासून इतक्या लांबून गेले की जणू दोन माणसांना वळसा घालत होते.

परीक्षा घ्यायला बाहेरचे साहेब आले होते. त्यांनी तिचा ठोकळा उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा धरला. कुठल्याच अंगाखालून उजेड आला नाही. "बघा, असं काम पाहिजे," ते पोरांना म्हणाले. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते.

गौरवी पास झाली. शेवंतीने देवापुढे साखर ठेवली. सगुणने दोन्ही हातांनी दिपालीला उचलून छताला लावलं. कारखान्याने तिला यंत्रावर घेतलं, तिथे कानस फारशी लागत नाही. पाठीचा गारवाही गेला. बाक बदलला तसा तो सुटला, असं तिने धरून चाललं. रात्री आता तिला शांत झोप लागायची.

जूनमध्ये दिपालीला बालवाडीत घातलं. एका रविवारी गौरवी स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होती. शेवंती देवळात गेली होती. बाहेरच्या खोलीत दिपाली पाटीवर उभ्या रेघा काढत बसली होती, बाईंनी दिलेल्या. पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता, एकसारखा. दाबून जायचा, उचलून परत यायचा. चार वर्षांच्या पोरीचा हात इतका वेळ एका लयीत चालत नाही.

ती ओल्या हातांनी दारात आली.

पाटी भरली होती. सगळ्या रेघा सरळ, सारख्या उंचीच्या. दिपाली पुढच्या रेघेकडे बघत होती, जीभ थोडी बाहेर काढून. ती खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली होती, आणि मागे रेलून, निवांत, सगळा भार टाकून. भिंत तिच्यापासून लांब होती.