चष्मेवाल्याची तीन मतं

दुपारचा शो सुटला आणि दाराशी माईक घेऊन उभ्या असलेल्या तिच्यावर एक तरुण जवळजवळ आदळलाच. सॉरी म्हणाला, हसला… समोर आलाच आहे तर सोडायचा कशाला, म्हणून तिने माईक त्याच्यापुढे धरला. कसा वाटला सिनेमा?

समुद्रावरच्या त्या प्रेमकथेबद्दल कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. एक काकू म्हणत होत्या, एवढ्या वाऱ्यात नायिकेचा केससुद्धा विस्कटत नाही म्हणजे कमाल आहे. एका निवृत्त खलाशाच्या मते त्या नांगराने होडी काय, बदकही थांबलं नसतं. हा तरुण समोरच्या गल्लीतला चष्मेवाला निघाला. तो एवढंच म्हणाला, "समुद्र आवडला. पुन्हा येईन."

पुन्हा आला, तेव्हा तिने त्याला नियम सांगितला. चॅनेल तिच्या मामाचं होतं आणि मामाचा दंडक होता, एका माणसाचं मत एकदाच घ्यायचं. मत बदललं असेल तरच दुसऱ्यांदा.

"मग बदललं," तो पटकन म्हणाला. "आज समुद्र जरा… लबाड वाटला."

तिसऱ्या वेळी तोच समुद्र त्याला एकटा वाटला. ती हसली खरी, पण घरी जाताना मनात पाल चुकचुकली. आवडला, लबाड, एकटा… एका समुद्राची इतकी रूपं कुणाला फुकट दिसतात का?

पाल काही तिच्या एकटीच्याच मनात नव्हती. व्हिडिओखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती, की हा माणूस सिनेमावाल्यांनी विकत घेतलेला आहे, कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ती माईकवालीही त्याला सामील आहे. मामाने तिला ते सगळं वाचायला लावलं. एरवी भाचीला लाडाने हाक मारणारा मामा त्या दिवशी साहेबाच्या आवाजात बोलला. उद्यापर्यंत खरं काय ते पुराव्यानिशी कळलं नाही, तर माईक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल.

कामाची काळजी होतीच. पण त्याचं हसणंही भाड्याचं निघालं तर? ही भीती तिला जास्त छळत होती आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिने त्याला पोस्टरजवळच्या कोपऱ्यात गाठलं.

"किती मिळतात?"

"कशाचे?"

"मतं बदलण्याचे."

त्याचे कान लाल झाले. माईक बंद कराल का, असं त्याने हळूच विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. जे काय असेल ते माईकसमोरच.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सिनेमा मी एकदाच पाहिला. तोही निम्मा डोळे मिटून. मला बोट लागते… पडद्यावरचीसुद्धा. नंतर मी नुसता सुटणाऱ्या गर्दीत मिसळायचो. तुमच्याशी बोलायचं तर मत बदलायला हवं होतं. म्हणून बदललं."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. "आणि हेही कुणी शिकवलं असेल तर?"

"असेल," तो म्हणाला. "पण मत एकदाच घ्यायचं होतं, तर तिसऱ्यांदा मला का थांबवलंत? बाजूने इतकी माणसं जात होती."

त्या दिवशी जिन्यावर तो दिसेपर्यंत तिने कुणापुढेही माईक धरला नव्हता.

मामाने रेकॉर्डिंग मागितलं. ते माझं आहे, ती म्हणाली, देणार नाही. मग एक श्वास घेऊन तिने सांगून टाकलं, "तो विकलेला नाही, मामा. पण लोक म्हणतात ते निम्मं खरं आहे. मी सामील आहे."

मामाने हात पुढे केला आणि माईक काढून घेतला. शब्दाचा पक्का माणूस तो.

बाहेर चष्मेवाला थांबला होता. माईक नसलेला हात कुठे ठेवावा हे तिला सुचेना, तेव्हा तिने तो सरळ त्याच्या हातात दिला.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "काम गेलं तरी."

आता त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "खरंच?"

"मी हात सोडलाय का?"