न पाहिलेल्या पेशी

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग स्टेशनाच्या सायकल-स्टँडमध्ये सकाळी आठ वाजता एक माणूस पोट धरून वाकला होता. वैदेही सायकल लावता लावता मराठीत पुटपुटली, "सकाळी सकाळीच ढोसून आलाय!"

"ढोसली असती तर निदान मजा तरी आली असती..." वाकलेला माणूस मराठीतच बोलला.

तिला कुठे तोंड लपवू असं झालं.

पण ही चूक तिची एकटीची नव्हती. त्या माणसाने, अनिमेषने, जन्मात दारूला हात लावला नव्हता; स्वादुपिंडाचं दुखणं म्हटलं की लोक आधी बाटलीच शोधत. दोन स्थळं त्यावरून मोडली होती. खरं तर दुखणं वडिलांकडून आलेलं, आणि वडील एकेचाळिसाव्या वर्षी गेलेले.

आणि वैदेही? ती तिथल्याच एका लॅबमध्ये दिवसभर स्वादुपिंडाच्या पेशी पाहायची.

"म्हणजे तुम्ही मला आतून ओळखता," तो पुढच्या भेटीत म्हणाला.

"बाहेरून ओळखायला चुकले ना, म्हणून—"

तिने फोनवर व्हिडिओ दाखवला. काळ्या पडद्यावर पेशी लुकलुकत होत्या. "हे कॅल्शियम. चढलं की पेशी पाचकरस बाहेर सोडते. मग ते उतरतं, पेशी निवते. पुन्हा चढतं."

"आणि माझ्यात?"

"तुझ्यात..." 'तुम्ही'चा 'तू' झाल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. "तुझ्यात रस आतच जागा होतो. कॅल्शियम चढतं ते उतरतच नाही. मग तो रस पेशीलाच पचवतो."

"घरच्यांनाच खायचं! आमच्या घराण्याला शोभतं."

मार्चमध्ये दुखणं इतकं वाढलं, की डॉक्टरांनी अख्खं स्वादुपिंडच काढायचं ठरवलं. पुढे जन्मभर इन्शुलिन, आणि प्रत्येक जेवणासोबत पाचकरसाच्या गोळ्या.

"मला मूल झालं तर त्याला हे मिळायची शक्यता निम्मी," कालव्याकाठी तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "म्हणून तुला काही विचारणार नाही. काढतील त्यातला एक तुकडा मात्र तुमच्या लॅबला द्यायला सांगितलंय."

"प्रेमपत्र द्यायची ही कुठली रीत रे..." तिला हसू आलं, आणि अर्ध्यावरच थांबलं.

मंगळवारी दुपारी लॅबमध्ये बर्फाचा डबा आला. वर नाव नाही, नुसता क्रमांक. पण तशी शस्त्रक्रिया त्या दिवशी एकच होती. असा जिवंत तुकडा महिनोन्महिने मिळत नाही, आणि मिळाला तरी संध्याकाळपर्यंतच टिकतो. लॅबचा नियम साधा होता: देणारा ओळखीचा असेल तर सांगायचं, हात लावायचा नाही. न सांगता पाहिलं असतं, तर कुणाला कळणार होतं?

तिने हातमोजे काढले आणि ती शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मैत्रिणीकडे वळली. "शर्मिला, हे तू कर. मी देणाऱ्याला ओळखते."

"ओळखतेस म्हणजे कितपत गं?"

वैदेही पर्समध्ये सायकलची किल्ली शोधत राहिली.

अतिदक्षता विभागात फक्त घरच्यांना सोडत. "तुम्ही कोण?" नर्सने विचारलं.

"पार्टनर," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

अनिमेष नळ्यांमध्ये हरवला होता. ओठ सुकलेले, चेहरा मेणासारखा. "पेशी पाहिल्यास?... कशा होत्या?"

"नाही पाहिल्या. शर्मिलाकडे दिल्या."

"मग इथे काय करतेयस?"

"बाकीचा माणूस पाहायला आले."

त्याने डोळे मिटले. "ती निम्मी शक्यता, वैदेही... ती नाही कापता आली त्यांना."

"माहितेय." तिने त्याच्या गार बोटांवर हात ठेवला. "मुलाचं मी काहीच ठरवलेलं नाही. भीती वाटते मला... खूप वाटते. तुझ्यापुरतं मात्र माझं ठरलंय."