नदीची चौथी तारीख

"शनिवारी नदी येणार नाही. दिशाताईंच्या तारखेवर सुट्टी टाकू नका."

गुरुवारी रात्री अकरा वीसला ही ओळ 'खाचर'च्या ग्रुपवर पडली. खाली नाव 'रानमांजर'. शुक्रवारी सकाळी दिशा पेणच्या ऑफिसात पोचली तोवर त्या ओळीखाली सहाशे उत्तरं जमली होती. बहुतेक शिव्या, आणि सगळ्या दिशाच्या नावाने.

'खाचर' हा मोबाइलवरचा गेम. नांगरट करा, लावणी करा, बांध फुटला तर बुजवा. गणपतीच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत तिघांनी मिळून तो केला होता. सुशील मालक. रितेश प्रोग्रॅमर, रोह्याला घरी बसून काम करणारा. आणि दिशा खेळाडूंशी बोलणारी. नवीन काय येणार आणि कधी येणार, हे ती ग्रुपवर स्वतःच्या नावाने सांगायची.

गेमचा पुढचा भाग होता 'नदी'. खाचराच्या पलीकडे नदी, होड्या, मासे. दिशाने तिच्या तीन तारखा सांगितल्या आणि तिन्ही टळल्या. चौथी उद्याची, पंधरा नोव्हेंबर, सकाळी अकरा. दर तारखेच्या दोन दिवस आधी ते रानमांजर येऊन सांगायचं, की नदी येणार नाही. तीनदा ते खरं ठरलं होतं. ग्रुपवर टोपणनाव चालायचं, त्यामुळे ते कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुशीलला मात्र ठाऊक होतं. म्हणजे त्याला तसं वाटत होतं.

"आतली गोष्ट तिघांनाच माहीत असते," तो म्हणाला. "मी नाय, रितेश नाय. मग कोण राहिलं?"

"दादा, मी कशाला माझ्याच नावाने शिव्या मागवीन?"

"ते तुला माहीत. उद्या अकराला मी ग्रुपवर लिहिणार, की हे सगळं दिशाने केलं आणि तिला काढलंय. त्याच्या आधी दुसरं कोणी असेल तर दाखव."

दिशा जिन्यात गेली आणि तिने रोह्याला मामांना फोन लावला.

दिनानाथमामा एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून माइकवर गाड्या सांगायच्या आणि गाडी उशिरा आली की ड्रायव्हरच्या वाट्याच्या शिव्या आपण खायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. भाचीही तेच करते, हे ऐकून त्यांना दोन वर्षांपूर्वी भारी हसू आलं होतं. आज आलं नाही. मिळेल ती गाडी पकडून ते पेणला आले.

"ते मांजर केव्हा केव्हा बोललं? तारीख नको नुसती, वेळपण सांग."

दिशाने फोनवर वर सरकवत वाचलं. चार सप्टेंबर, दुपारी तीन वीस. पंचवीस सप्टेंबर, दुपारी तीन पंचवीस. नऊ ऑक्टोबर, सकाळी सात वीस. तेरा नोव्हेंबर, रात्री अकरा वीस. चारही गुरुवार. मामांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

"आणि तारीख तुला देतो कोण?"

"रितेश. मी विचारते, तो सांगतो, मी ग्रुपवर टाकते. पण उत्तराची वाट बघून जीव जातो. नऊ ऑक्टोबरचं बघा. आदल्या रात्री अकराला विचारलं, उत्तर आलं सकाळी सव्वासातला. चार सप्टेंबरला सकाळी आठला विचारलं, तर दुपारी सव्वातीनला. कामाला बसला की फोन बंद ठेवतो म्हणे."

मामांनी तेही लिहिलं आणि ते सुशीलकडे वळले.

"नदी तयार आहे?"

"रितेश म्हणतो आहे."

"तुम्ही पाहिलीत?"

"विश्वास आहे माझा त्याच्यावर."

"म्हणजे पाहिली नाहीत. उद्या अकराला ती लोकांच्या हातात जायचीय."

"काका, ही एसटी नाय."

"नाहीच. दिशावरच संशय का?"

"पुण्याची एक कंपनी हा गेम विकत घेत्येय. डिसेंबरअखेर सही. खेळाडू टिकले तर. त्या मांजरापायी ते पळतायत. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेईन काय? रितेश तर नदी करतोय. आपल्याच कामाची बदनामी कोण करतो?"

बोलणं बिनतोड होतं. म्हणूनच मामांना ते आवडलं नाही. त्यांनी दिशाला घेऊन सव्वाअकराची रोहा गाडी पकडली.

गाडीत दिशा फोन बघत बसली. खांब गावच्या काळुरामचा निरोप होता. लाद्यांच्या दुकानात कामाला असलेला हा माणूस गेमच्या पहिल्या दिवसापासून खेळत होता. "ताई, मी शनिवारची सुट्टी टाकलीय. मांजर काय पण बोलू दे. तुम्ही नक्की सांगा, येणार ना?"

"काय लिहू, मामा?"

"काही लिहू नकोस. गाडी दिसल्याशिवाय बोलायचं नसतं."

रितेशच्या घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. रितेशची आई मैनाबाई ओट्याशी होती.

"ये गो दिशा. भाऊ, बसा. तो अंगोळीला गेलाय, आत्ताच उठला."

"उशिरापर्यंत जागतो वाटतं?"

"या आठवड्यात जागरान हाय त्याला. पुढल्या आठवड्यात तर रातभरच."

रितेश डोकं पुसत बाहेर आला. दिशाला बघून थबकला, मग हसला. "अरे, मामा! कसं काय येणं केलंत?"

"उद्याची तारीख नक्की का, तेवढंच विचारायला."

"शंभर टक्के."

"काम कधी करतोस?"

"वेळ ठरलेली नाय. दार लावून घेतो, फोन बंद. सात-आठ तास उठत नाय."

"आणि जेवण?"

"आई आत आणून देते."

"रितेश, सुशीलदादा मला काढतोय," दिशा म्हणाली. तिने ओढणीने डोळे पुसले. "ते मांजर मीच आहे म्हणतो. तू तरी सांग ना त्याला."

रितेश टॉवेलची घडी घालत होता. ती झाल्यावर त्याने पुन्हा मोडून घातली.

"सांगतो गो. तू टेन्शन नको घेऊ."

"डबा भरलाय रे," आतून मैनाबाईंचा आवाज आला. "भाकऱ्या गरम हायत, वाफ जाऊ दे, मग झाकान लाव."

रितेशने टीव्ही लावला. मामांनी चहा संपवला आणि ते उठले. बाहेर आल्यावर त्यांनी दिशाला आपल्या घरी पाठवलं, आणि स्वतः नाक्यावरच्या टपरीसमोर बाकड्यावर जाऊन बसले. अर्ध्या तासाने तिथे एक गाडी थांबली आणि माणसं घेऊन गेली. जुन्या सवयीने त्यांनी वेळ टिपली, दोन वीस.

शनिवारी साडेदहाला सगळे पेणच्या ऑफिसात होते. रितेशला मामांनीच बोलावलं होतं. "तीनच्या आत रोह्याला परत पोचशील," असं फोनवर म्हणाले, आणि त्यावर रितेशने घाईने फोन ठेवला होता.

"अर्धा तास आहे," सुशील म्हणाला. "कोण ते सांगा."

मामांनी वही उघडली.

"दुपारी तीन वीस, तीन पंचवीस. सकाळी सात वीस. रात्री अकरा वीस. मी आयुष्यभर गाड्यांच्या वेळा पाहिल्या. मनात येईल तेव्हा बोलणाऱ्या माणसाच्या ह्या वेळा नाहीत, ह्या सुटण्याच्या वेळा आहेत. आमच्या रोह्यात शेंबडं पोरही सांगेल, सातला, तीनला आणि अकराला काय सुटतं ते."

"शिफ्ट," दिशा पुटपुटली.

"शिफ्ट. दर आठवड्याला बदलणारी. पहिली, दुसरी, तिसरी, परत पहिली. चार सप्टेंबर आणि पंचवीस सप्टेंबर, मध्ये बरोबर तीन आठवडे, म्हणून वेळ तीच. नऊ ऑक्टोबरला रात्रपाळी येते. परवाच्या गुरुवारी दुसरी. मी बोटांवर मोजून पाहिलं, एक दिवस चुकत नाही. केमिकलच्या प्लांटात फोन नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. हा माणूस आठ तास फोनशिवाय असतो, सुटतो, फोन हातात घेतो आणि पहिलं काम म्हणून ग्रुपवर लिहितो."

"मग दिशा सुटली," सुशील म्हणाला. "कोणी बाहेरचा दिसतोय."

"बाहेरच्याला आतलं कसं कळेल? दिशाच्या निरोपांना ज्याची उत्तरं सव्वातीनला आणि सव्वासातला येतात, त्याला कळेल. आधी तिला उत्तर द्यायचं, की काम जोरात चाललंय. मग पाच मिनिटांनी ग्रुपवर लिहायचं, की येणार नाही."

दिशाने रितेशकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

"ज्याला आई जेवण आत आणून देते, त्याचा डबा कशाला भरतात?" मामांनी विचारलं. "काल दोन वीसला नाक्यावरून धाटावच्या एमआयडीसीत जाणारी कंपनीची बस सुटली. तिच्यात तू चढलास, रितेश. हातात तोच डबा होता. कधीपासून जातोस?"

"जुलैपासून," रितेश म्हणाला. "परमनंटची जागा होती, मामा. गेम करतो म्हटलं तर पोरगी द्यायला कोण तयार होत नाय. वाटलं होतं, सुट्टीच्या दिवशी नदी करीन. नाय झालं. एक झाड पण नाय काढलं."

"आणि मला तारखा देत होतास?" दिशाने विचारलं. "पौर्णिमेची नदी कशी दिसेल ते सांगितलंस मला. मी ते ग्रुपवर लिहिलं. लोकांनी वाचून मला हात जोडले."

"म्हणून तर लिहायचो मी मांजराच्या नावाने. लोकांनी फुकट वाट बघू नये म्हणून."

"लोकांची काळजी होती. माझी नव्हती. काल तुझ्या घरात रडले मी, तेव्हा तू टॉवेलची घडी घालत होतास."

रितेशने तोंड लपवलं. सुशील ताडकन उठला. "हरामखोरा, माझा व्यवहार घालवायला निघालास?"

"बसा, सुशील," मामा म्हणाले. "तुमचं राहिलंय अजून. एकतीस वर्षांत मी गाडी फलाटाला लागलेली पाहिल्याशिवाय माइक उचलला नाही. तुम्ही हिला चार वेळा उचलायला लावलात, आणि एकदाही गाडी बघितली नाहीत. ज्याला गाडी येईल असं खरंच वाटतं, तो एकदा तरी रस्त्याकडे डोकावतो. नदी नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"काय पण काय बोलता?"

"ऑगस्टातच सांगितलं होतं मी दादाला," रितेश हातांच्या आडून बोलला. "तो म्हणाला, सही होईपर्यंत तारखा चालू ठेव. खेळाडू तारखेवर टिकतात. आणि दिशाला नको सांगू. ती लगेच खरं सांगून मोकळी होईल."

सुशीलने नाकारलं नाही. मांजर रितेश आहे हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. पण ज्या बदनामीबद्दल तो दिशाला काढणार होता, तिच्या मुळाशी त्याचाच खोटेपणा होता.

"दिशा, झालं ते झालं," तो मऊ आवाजात म्हणाला. "तुला काढत नाय मी. पगारपण वाढवू. आता फक्त एकतीस डिसेंबर लिही. शेवटची तारीख."

दिशाने ऑफिसचा फोन ओढून घेतला. अकराला पाच मिनिटं होती. तिने लिहिलं, एकदा वाचलं आणि पाठवलं.

"नदी तयार नाही. ती कुणी करतच नव्हतं. चारही तारखा खोट्या होत्या. मला खऱ्या वाटल्या, पण तुम्हाला सांगितल्या मीच. पुढची तारीख नाही. दिशा."

सुशील डोकं धरून बसला. फोन वाजायला लागला. "आलं नवीन नाटक." "आता रडून दाखवा." "पाचव्या तारखेची तयारी काय?" मग काळुराम आला. "सुट्टी टाकून बसलोय, ताई. आता तुमचं कुठलं बोलणं खरं मानायचं?"

दिशा प्रत्येक ओळ वाचत होती. मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी तिने फोन खाली ठेवला नाही.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी रानमांजराने लिहिलं, "दिशा खरं बोलतेय."

शिव्या थांबल्या. काळुरामने लिहिलं, "मांजर म्हणतंय म्हणजे खरं असणार. माफ करा ताई." त्याच्याखाली हात जोडलेले, फुलं, आणखी हात जोडलेले. बघता बघता शंभर झाले.

दिशाने मान वर केली. समोर रितेश आपला फोन टेबलावर ठेवत होता. त्याचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर थोडी आशा होती.

"तुझ्यासाठी लिहिलं गो," तो म्हणाला. "आता विश्वास ठेवतील."

"तुझ्यावर ठेवतायत, रितेश," दिशा म्हणाली. "आज पहिल्यांदा मी स्वतः खात्री करून त्यांना काहीतरी सांगितलं. ते पण तू घेऊन गेलास."